घरच्या शेडमध्ये हवेचा कॉम्प्रेसर : कमी खर्चात, पण जपून



आपल्या रेडिओ कार्यक्रमाकडे खत, बियाणे, फवारणी यांबद्दल जशी पत्रे येतात, तशी यंत्रांबद्दलही येतात. टायरात हवा भरण्याचा कॉम्प्रेसर घरी बसवावा का, बसवला तर केवढा, आणि थोडक्या खर्चात कसा, असे बऱ्याच जणांनी विचारले आहे. कार्यक्रमात याची उत्तरे दिली; पण कानावरून गेलेले आकडे ध्यानात राहत नाहीत. म्हणून ही माहिती छापून देत आहोत. हे पत्रक शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेवावे.

सुरुवातीला एक पाहिलेली गोष्ट सांगतो. उसाचा हंगाम चालू होता. प्लॉट बघायला एका वस्तीवर गेलो होतो. तिथल्या शेतकऱ्याने तालुक्याच्या गावातून एक जुना कॉम्प्रेसर आणून गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ठेवला होता. "साहेब, बघा तर खरं, ट्रॉलीला दोन मिनिटांत हवा मारतो," असे तो कौतुकाने सांगत होता. मी जवळ जाऊन बघितले. दाबाच्या घड्याळाचा काटा चारवर अडकलेला. मोटार आपोआप बंद करणारा ऑटोकट तोडून टाकलेला. जादा हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो म्हणून तो काढून त्या जागी बोल्ट आवळलेला. टाकीखालचा पाण्याचा कॉक गंजून घट्ट बसलेला. "मग मोटार बंद कधी करता?" म्हणून विचारले, तर म्हणाला, "आवाज जड झाला की करतो."

त्याला मोटार बंद करायला सांगितली. नळीतून हवा पूर्ण सोडली. मग पाना लावून खालचा कॉक काढला, तर तांबडेलाल पाणी वाहू लागले. अर्धी बादली भरली. पुढे त्याने टाकी वर्कशॉपमध्ये नेऊन पाण्याच्या दाबाने तपासून घेतली, तेव्हा तळाच्या पत्र्यातून पाण्याचे थेंब पाझरले. पत्रा आतून खाल्ला गेला होता. मला भेटला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "साहेब, माझा धाकटा रोज त्या टाकीवर घोडा घोडा करून बसायचा."

कॉम्प्रेसर हे उपयोगी यंत्र आहे आणि ते बेताच्या खर्चात बसवताही येते. पण काटकसर कुठे करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, हे आधी ठरवले पाहिजे. या पत्रकात तेच सांगायचे आहे.

१. आपल्याला त्याची खरोखर गरज आहे का?

घरी फक्त एक मोटारसायकल आणि एखादी सायकल असेल तर कॉम्प्रेसर घेऊ नये. पायाने दाबायचा पंप त्याला पुरतो. बॅटरीवर चालणारे छोटे हवायंत्रही मोटारसायकलीला चालते, पण ट्रॅक्टरच्या टायरापुढे ते गरम होऊन बसते.

ट्रॅक्टर, ट्रॉली, टायरगाडी, शिवाय एक-दोन दुचाकी असतील, आणि पंक्चरवाला चार-पाच किलोमीटरवर असेल, तर विचार करायला हरकत नाही. वहीत दोन महिन्यांचा हिशेब लिहा : हवेसाठी किती खेपा झाल्या, डिझेल किती गेले, किती वेळ मोडला. मऊ टायरावर ट्रॅक्टर चालवत पंक्चरच्या दुकानापर्यंत नेला, तर तेवढ्यात टायराचे जे हाल होतात, तेही धरा. हिशेब बसत नसेल तर वस्तीवरच्या चार घरांनी मिळून एक यंत्र घ्यावे. मात्र ते एकाच्याच ताब्यात असावे आणि निगा त्यानेच राखावी. सगळ्यांचे यंत्र म्हणजे कुणाचेच नाही, हा अनुभव आपल्याला आहेच. केवळ यासाठी कर्ज काढू नये. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत व्हायची.

२. यंत्र चालते कसे?

सायकलच्या पंपात दट्ट्या खाली-वर होतो, तसाच कॉम्प्रेसरच्या हेडमध्ये पिस्टन मोटारीच्या जोरावर खाली-वर होतो. बाहेरची हवा जाळीतून आत ओढली जाते, दाबली जाते आणि टाकीत साठते. टाकीतून हवा मागे येऊ नये म्हणून मध्ये एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, विहिरीच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो तसाच.

टाकीवर चार वस्तू असतात. त्या नीट ओळखून घ्या.

दाबाचे घड्याळ : टाकीत किती दाब आहे ते दाखवते. घड्याळावर किलो आणि पौंड असे दोन्ही आकडे असतात. १ किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो, आणि ते साधारण १४ पौंडांबरोबर होते.

ऑटोकट : दाब साधारण ८ किलोवर गेला की मोटार बंद करतो, आणि ६ किलोच्या आसपास उतरला की पुन्हा चालू करतो. मोटार बंद होताना 'फुस्स' असा थोडा आवाज येतो. त्या वेळी हेडमध्ये अडकलेली हवा बाहेर पडते, त्यामुळे पुढच्या वेळी मोटारीला सुरू होताना ओझे पडत नाही. हा आवाज बंद झाला तर मोटार जड सुरू होईल. ते दुरुस्त करून घ्यावे.

सेफ्टी व्हॉल्व्ह : घरातल्या प्रेशर कुकरला असतो तसा. ऑटोकट बिघडला आणि मोटार चालूच राहिली, तर हा उघडतो आणि जादा हवा सोडतो. टाकी आणि तुमचा जीव यांच्यामध्ये शेवटचा पहारेकरी हाच. हा काढून तिथे बोल्ट लावणे म्हणजे कुकरची शिट्टी आणि व्हॉल्व्ह दोन्ही बुजवून तो चुलीवर ठेवणे होय.

पाण्याचा कॉक : टाकीच्या तळाला असतो. हवेत नेहमीच थोडी वाफ असते. ओले कापड पिळले की पाणी गळते, तशीच हवा दाबली की तिच्यातले पाणी सुटते आणि टाकीच्या तळाशी बसते. पावसाळ्यात, आणि कोकणासारख्या दमट भागात तर ते फारच साठते. काढले नाही तर टाकी आतून गंजते. बाहेरून रंग चकचकीत असतो, म्हणून कळत नाही.

टाकीवर जोर किती येतो, ते एकदा समजून घ्या. टाकीचे एका बाजूचे झाकण साधारण ३० सेंटिमीटर रुंदीचे धरले तर त्याचे क्षेत्र ७०० चौरस सेंटिमीटरच्या थोडे वर भरते. ८ किलो दाबाला त्या एका झाकणावर ५६ क्विंटल जोर येतो. म्हणजे खताच्या ११२ गोण्यांचे वजन. चांगला पत्रा ते सहज पेलतो. पण गंजून कागदासारखा झालेला पत्रा कसा पेलणार?

३. केवढा घ्यावा?

एका शेतकऱ्याच्या शेडला १ एचपीची सिंगल फेज मोटार, पट्ट्यावर चालणारे हेड आणि ४५ लिटरच्या आसपास टाकी एवढे पुरते. मोठ्या पंक्चरच्या दुकानातला २-३ एचपीचा कॉम्प्रेसर बघून मन त्याच्याकडे ओढते, पण त्याची आपल्याला गरज नाही.

हिशेब करून बघा. ४५ लिटरच्या टाकीत ८ किलो दाब आहे, म्हणजे ४५ गुणिले ८, अशी ३६० लिटर बाहेरची हवा आत कोंबलेली आहे. ट्रॅक्टरचा मागचा मोठा टायर, त्यात पाणी भरलेले नसेल तर, पोटात सुमारे २०० लिटर जागा धरतो. त्यातली हवा ८ पौंडांवर उतरली असेल आणि ती १४ पौंड करायची असेल, तर ८०-८५ लिटर हवा लागते. तेवढी काढली की टाकीचा काटा ८ वरून ६ च्या थोडा वर येतो. दुसराही टायर भरला तर साडेचारच्या आसपास. म्हणजे मोटार बंद ठेवूनसुद्धा एका भरलेल्या टाकीत दोन्ही मोठे टायर होतात. वीज जाण्याच्या दिवसांत टाकीचा हा मोठा आधार आहे.

१ एचपीचे चांगले हेड रिकामी टाकी साधारण पाच-सहा मिनिटांत भरते. यंत्र नवे असताना घड्याळ लावून हा वेळ मोजा आणि भिंतीवर खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवा. पुढे तेवढीच टाकी भरायला दहा मिनिटे लागू लागली, तर समजा की कुठेतरी हवा गळते, पट्टा सैल आहे, हवेची जाळी तुंबली आहे किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

पट्ट्याचे यंत्र घ्यावे की थेट मोटारीला जोडलेले बिनतेलाचे लहान यंत्र घ्यावे, असेही विचारतात. बिनतेलाचे यंत्र हलके आणि उचलायला सोपे असते, पण आवाज फार करते आणि लवकर तापते. शेडमध्ये एका जागी ठेवायचे असेल तर पट्ट्याचेच बरे. ते हळू चालते, जास्त टिकते, आणि त्याचे भाग तालुक्याच्या गावी मिळतात.

४. काटकसर कुठे करावी, कुठे करू नये?

मोटार जुनी चालेल. वायंडिंग पुन्हा भरून घेता येते. हेड जुने चालेल, रिंगा आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्या बदलता येतात. चाके, पुली, पट्ट्यावरची जाळी गावात करून घेता येते. इथे पैसे वाचवावेत.

टाकी, सेफ्टी व्हॉल्व्ह, दाबाचे घड्याळ, ऑटोकट आणि हवेची नळी या पाच वस्तूंवर मात्र काटकसर करू नये.

जुनी टाकी घ्यायची असेल तर आधी तळाचा कॉक उघडायला सांगा. लाल चिखल निघाला, तळाला फोड किंवा पापुद्रे दिसले, कुठे वेल्डिंगची ठिगळे दिसली, किंवा किती दाबाची टाकी आहे हे सांगणारी पट्टी तिच्यावर नसेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. बाकी ठीक वाटली तर वर्कशॉपमध्ये पाण्याच्या दाबाने तपासून घ्या. टाकी काठोकाठ पाण्याने भरून, हातपंपाने तिच्या नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देतात. पाणी दबत नाही. त्यामुळे टाकी तडकली तर नुसते पाणी गळते. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसलेली असते. टाकी फुटली की ती एका क्षणात सुटते आणि पत्र्याचे तुकडे उडवते. म्हणून टाकीची चाचणी हवेने कधीही घेऊ नये. पाझरलेल्या टाकीला वेल्डिंग मारून ती परत वापरू नये. ती भंगारात घालावी.

आता जुगाडाबद्दल. जुन्या फ्रीजचे कॉम्प्रेसर आणि रिकामा गॅस सिलिंडर जोडून हवेचे यंत्र करणारे हुशार हात गावोगाव आहेत. त्यांच्या हुन्नराबद्दल आदर ठेवून सांगतो, हे करू नका. स्वयंपाकाचा सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो, तो कापणे किंवा बदलणे बेकायदा आहे. रिकामा दिसला तरी त्यात गॅस उरतो, आणि वेल्डिंगची एक ठिणगी त्याला पुरते. त्याला तळाला पाण्याचा कॉकही नसतो. आणि फ्रीजचे कॉम्प्रेसर लहान दिसले, तरी ते थांबवले नाही तर दाब चढवतच राहते. डिझेलचा पत्र्याचा बॅरल तर या कामाला मुळीच नको. तो दाबासाठी बनवलेलाच नसतो.

दुसरी चूक पाइपाची. ठिबकचे किंवा पाइपलाइनचे उरलेले पीव्हीसी पाइप आपल्या घरी पडलेले असतात. त्यावर ६ किलो असे लिहिलेलेही असते. म्हणून कोणी हवेची लाइन त्याचीच करतो. तो आकडा पाण्यासाठी आहे. हवेच्या दाबाने पीव्हीसी पाइप फुटला की काचेसारखे धारदार तुकडे अंगावर येतात, आणि उन्हाने जुना झालेला पाइप तर अधिकच ठिसूळ असतो. हवेसाठी रबराची, आत दोऱ्याचे विणकाम असलेली, दाब छापलेली नळीच घ्यावी. दहा मीटर लांब घेतली तर ट्रॅक्टर शेडबाहेर उभा ठेवूनही काम होते.

५. जागा आणि वीज

यंत्र सपाट, कोरड्या आणि वारा खेळत्या जागी ठेवावे. पायाखाली जुन्या टायराचे तुकडे द्यावेत, म्हणजे हादरे बसत नाहीत. पुलीची बाजू भिंतीपासून निदान एक फूट लांब हवी, कारण पुलीची पातीच हेडवर वारा घालून त्याला थंड ठेवतात. युरियाच्या गोण्यांजवळ ठेवू नये, तिथे ओल आणि गंज लवकर येतो. भुसा, कापूस, पेट्रोल-डिझेल यांच्याजवळही नको.

पट्टा आणि पुलीवर जाळी असलीच पाहिजे. धोतराचा सोगा, साडीचा पदर, गळ्यातला गमछा ओढायला पट्ट्याला क्षणही लागत नाही.

विजेचे काम माहितगार वायरमनकडूनच करून घ्यावे. त्याच्याकडून काय काय करून घ्यायचे, ते मात्र आपल्याला माहीत असावे. १ एचपीची सिंगल फेज मोटार चालताना ६-७ अँपिअर घेते, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या सुमारे पाचपट घेते. घरापासून शेड ३० मीटरवर असेल आणि तार १ चौरस मिलिमीटरची बारीक असेल, तर सुरू होताना ३५ ते ४० व्होल्ट वाटेतच जिरतात. आधीच व्होल्टेज कमी, त्यात ही तूट. मग मोटार फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि जळते. तीच तार अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची घातली तर तूट १५ व्होल्टांच्या आसपास राहते. तारेत वाचवलेले पैसे वायंडिंगमध्ये जातात, हे लक्षात ठेवा.

वेगळा स्विच, त्याला योग्य एमसीबी, विजेचा धक्का वाचवणारे आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग एवढे हवेच. ओल्या शेडमध्ये लोखंडी यंत्र, आणि त्याला अर्थिंग नाही, ही गोष्ट जिवाशी खेळ आहे. व्होल्टेज २०० च्या खाली असेल तेव्हा मोटार लावू नये. लावल्यावर तीन-चार सेकंदांत ती वेगाला लागली नाही तर लगेच बंद करावी. असे वारंवार होत असेल तर कंडेन्सर तपासून घ्यावा.

६. पहिल्यांदा सुरू करताना

एक : हेडमधले तेल काचेच्या खुणेच्या मध्यापर्यंत आहे का ते पाहा. कॉम्प्रेसरचेच तेल घालावे. ट्रॅक्टरचे काढलेले काळे तेल घालू नये.

दोन : पट्टा अंगठ्याने मध्यावर दाबा. अर्धा इंच दबला तर ठीक. फार ताठ असेल तर बेअरिंग जाते, फार सैल असेल तर पट्टा घसरतो.

तीन : तळाचा कॉक उघडा ठेवून यंत्र पंधरा मिनिटे मोकळे चालू द्या. पुलीवरच्या बाणाप्रमाणे ती फिरते ना, आणि वारा हेडकडे येतो ना, ते बघा. उलटी फिरत असेल तर वायरमनकडून जोडणी बदलून घ्या.

चार : कॉक बंद करून दाब चढू द्या. ८ किलोच्या आसपास ऑटोकटने मोटार बंद केली पाहिजे. काटा त्याच्या पुढे गेला तर हाताने बंद करा आणि ऑटोकट नीट झाल्याशिवाय यंत्र वापरू नका.

पाच : सेफ्टी व्हॉल्व्हची कडी तोंड बाजूला ठेवून हळूच ओढा. हवा सुटली पाहिजे, आणि कडी सोडल्यावर तो पुन्हा घट्ट बसला पाहिजे.

सहा : सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती आहे. टाकीत हवा असताना मात्र सांधे आवळू नका. हवा सोडा, मग पाना लावा.

७. निगा

काम संपले की दररोज मोटारीचा स्विच बंद करून तळाचा कॉक उघडावा आणि पाणी काढून टाकावे. थोडी हवा शिल्लक असताना कॉक हळू उघडला तर ती पाणी स्वतःच ढकलते. मग टाकी पूर्ण रिकामी करून कॉक उघडाच ठेवावा. जनावरांना पाणी दाखवणे जसे चुकत नाही, तसे टाकीचे पाणी काढणे चुकू नये.

आठवड्याला तेलाची खूण आणि हवेची जाळी बघावी. मळणीच्या दिवसांत जाळी दोन दिवसांतच तुंबते. महिन्याला सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून बघावी आणि पट्टा तपासावा. नव्या यंत्राचे पहिले तेल ५० तासांच्या आसपास बदलावे, पुढे पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे.

लहान यंत्र सलग चालवू नये. दहा मिनिटे चालले की तेवढाच विसावा द्यावा. हेड चालताना खूप तापते, मुलांचा हात लागणार नाही असे बघावे.

८. टायरात हवा भरताना

बहुतेक ३५ ते ५० एचपीच्या ट्रॅक्टरांना मागच्या टायरात शेतकामासाठी साधारण १२ ते १४ पौंड आणि रस्त्यावर ट्रॉली ओढताना १८ ते २० पौंड हवा ठेवतात. पुढच्या टायरात २८ ते ३२ पौंड. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. ट्रॉली आणि टायरगाडीच्या टायरावर बाजूला आकडा कोरलेला असतो. तो जास्तीत जास्त हवेचा आहे, त्याच्या पुढे जाऊ नये. शेतात टायर कडक असला तर तो जमिनीला कमी टेकतो, घसरतो आणि डिझेल वाया जाते. फार मऊ असला तर त्याच्या बाजूला चिरा पडतात, आणि रिमवर फिरून व्हॉल्व्हच उपटतो. हवा टायर थंड असताना, सकाळी तपासावी. टायरात पाणी भरलेले असेल तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून मग हवा मोजावी, नाहीतर मोजायच्या घड्याळात पाणी शिरते.

टाकीत ११०-११५ पौंड दाब असतो आणि टायराला लागतात १४. म्हणून नळीच्या टोकाला घड्याळ असलेली हवेची गन लावावी. अंदाजाने, टायरावर लाथ मारून हवा ठरवू नये.

ट्रॉलीच्या काही चाकांना रिमवर लोखंडी कडे असते. हवा भरताना ते कडे नीट बसलेले नसेल तर गोळीसारखे उडते. अशा चाकात हवा भरताना समोर उभे राहू नये, वाकून बघू नये. चिमट्याने अडकणारे टोक व्हॉल्व्हला लावून, लांब नळी घेऊन बाजूला उभे राहावे. पंक्चर काढायचे असेल तर आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्यावी, मगच नट सोडावेत. अशा चाकाची पूर्ण जुळणी पंक्चरवाल्याकडूनच करून घ्यावी.

९. हवेची आणखी कामे

रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारून काढावा. फार जवळून मारली तर नाजूक पत्र्या दुमडतात. ट्रॅक्टरचा एअर फिल्टर कागदाचा, कोरडा असेल तर ३० पौंडांच्या आतल्या दाबाने, आतून बाहेर हवा मारावी. बाहेरून मारली तर धूळ आत रुतते. तेलाच्या वाटीचा फिल्टर असेल तर तो हवेने नव्हे, धुऊन आणि तेल बदलून साफ करायचा असतो.

फवारणी पंपाचे नोझल तुंबले की ते तोंडाला लावून फुंकायची आपल्याकडे वाईट खोड आहे. त्याने औषध थेट पोटात जाते. नोझल आधी पाण्याने धुवावे, मऊ ब्रशने साफ करावे, आणि मग लागल्यास तोंडापासून लांब धरून हलकी हवा मारावी. या एका सवयीपायी कुणाचा जीव वाचला, तरी यंत्राचे पैसे फिटले म्हणायचे.

१०. हे कधीही करू नका

अंगावरची धूळ झाडायला हवा मारू नका. चेष्टेत कुणाच्या अंगाला नळी लावू नका. दाबाची हवा शरीरात शिरली तर आतडी फाटतात आणि माणूस दगावतो. डोळ्यात कण गेला तर डोळा जातो. हवेचे काम करताना चष्मा लावावा.

मोटार चालू ठेवून शेडमधून जाऊ नका.

मुलांना टाकीवर बसू देऊ नका. काम झाले की टाकी रिकामी आणि स्विच बंद.

बंधूंनो, सुरुवातीला ज्याची गोष्ट सांगितली, त्या शेतकऱ्याने हेड आणि मोटार तीच ठेवली. टाकी, सेफ्टी व्हॉल्व्ह, घड्याळ आणि ऑटोकट नवे घेतले. पूर्ण नवे यंत्र घेण्यापेक्षा त्याला ते स्वस्तच पडले. मागच्या खेपेला गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ट्रॉली आत लावून तो शेडमध्ये वाकला, कॉक उघडला, पाणी सुटलेले बघितले आणि मग हात धुवून चहाला बसला. तुम्हीही तेवढेच करा.

शंका असल्यास कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र लिहा. आपला ट्रॅक्टर कोणता, शेड घरापासून किती लांब आणि घरी व्होल्टेज किती असते, हे पत्रात जरूर कळवा. म्हणजे उत्तर नेमके देता येईल.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी